नितळ, उथळ पाण्यातला बास: सेंट क्लेअर तळ्यासाठी क्रँकबेट कोणते घ्यावेत?

आंबाघाट
नमस्कार मंडळी. मी मिशिगनमधल्या ट्रॉयला राहतो, मूळ कोल्हापूरकडचा. गळ टाकायची सवय लहानपणापासूनची, पण ती गांडूळ आणि कणकेच्या गोळीची. इथे येऊन लूरकडे, म्हणजे खोट्या आमिषाकडे, वळलो आणि आता छोटी कयाक घेतली आहे. सेंट क्लेअर तळ्यात, मुख्यतः अँकर बेच्या बाजूला, स्मॉलमाउथ बास या शिकारी माशासाठी जातो.

तिथलं पाणी इतकं नितळ आहे की सात-आठ फुटांवरचं गवत वरून स्वच्छ दिसतं. मासाही दिसतो, आणि तोही मला बघत असणार. अशा पाण्यात क्रँकबेट, म्हणजे ओढले की डुलत जाणारे माशाच्या आकाराचे लूर, चालतात का, आणि चालत असतील तर कुठले? दुकानात उभं राहिलं की अख्खी भिंत भरून रंग. लांब ओठाचे (ओठ म्हणजे लूरला खाली नेणारी तोंडाची पट्टी), आखूड ओठाचे, चौकोनी ओठाचे, बिनओठाचे, आत छर्रे वाजणारे, न वाजणारे. मला पाच-सहाच घ्यायचे आहेत, मेअखेर ते जुलै एवढ्या काळासाठी. खोली, रंग, आवाज यांत आधी काय बघायचं?

झटपट_पोहे
पाच-सहाच? तीन महिन्यांनी हाच आयडी "लूर ठेवायला मोठा खोका कुठला घ्यावा" असा धागा काढणार. आत्ताच लिहून ठेवतो. :)

गरवेकर
आंबाघाट, प्रश्न नेमका विचारलात म्हणून सविस्तर लिहितो. या तळ्यावर माझी बरीच वर्षं गेली आहेत.

आधी तळं समजून घ्या. ४३० चौरस मैलांचं पाणी, पण सरासरी खोली जेमतेम ११ फूट. नैसर्गिक तळ कुठेही साधारण २१ फुटांच्या खाली जात नाही. जहाजांसाठी खणलेला मार्ग तेवढा २७ फूट. म्हणजे अख्खं तळंच क्रँकबेटच्या टप्प्यात आहे. पाणी पूर्वी एवढं नितळ नव्हतं. १९८८ मध्ये इथे झेब्रा शिंपले सापडले, ते पाणी गाळत गेले, उजेड तळापर्यंत पोचायला लागला आणि गवत फोफावलं.

म्हणून माझं उत्तर: खोली आधी. रंग फार नंतर. आणि खोली म्हणजे तळाची नव्हे, गवताच्या शेंड्याची. पाणी आठ फूट आणि गवत तळापासून चार फूट वर आलेलं असेल, तर तुमच्यासाठी ते पाणी चार फुटांचं. लूर शेंड्यांच्या वरून, अधूनमधून शेंडा चाटत गेला पाहिजे. गवतात घुसला तर हाती शेवाळ येतं. दोन फूट वरून गेला तर नितळ पाण्यात मासा तो बघतो, मागे येतो आणि कयाकजवळ येऊन परततो.

खोक्यावर "६ फूट" लिहिलेलं असतं ते लांब फेक आणि ठरावीक जाडीची दोरी धरून. दोरी बारीक तर लूर खोल जातो, जाड तर वर राहतो. कयाकमध्ये आपण पाण्यालगत बसतो, काठीचं टोक खाली असतं, त्यामुळे लूर थोडा जास्तच खाली जातो. वर आणायचा असेल तर टोक उचला. अर्धा-एक फूट फरक तेवढ्यानेही पडतो.

बाभूळकाटा
गरवेकरांचा आदर राखून असहमत. सेंट क्लेअरवर स्मॉलमाउथला ट्यूब (मऊ प्लास्टिकची पोकळ नळी) किंवा ड्रॉपशॉट (वजन खाली, गरी वर) लावा आणि मोकळे व्हा. हे मासे गोबी नावाचे छोटे मासे खातात आणि गोबी तळाला असते. तळावर ट्यूब ओढायची सोडून पाण्याच्या मध्यात डुगडुगणारं प्लास्टिक कशाला? नितळ पाण्यात माशाला विचार करायला वेळ मिळाला की तो खोटं ओळखतो.

गरवेकर
@बाभूळकाटा, शेवटचं वाक्य तुम्ही माझ्याच बाजूने लिहिलंत. विचार करायला वेळ मिळाला की ओळखतो, म्हणून वेळ द्यायचा नाही. ट्यूब समोर पडून राहते, मासा वास घेतो, फिरून बघतो. क्रँकबेट वेगाने जातो, तळाला किंवा गवताला आपटून एकदम दिशा बदलतो आणि मासा आधी तोंड मारतो. मासा नेमका कुठे बसलाय हे माहीत असेल तर ट्यूब उत्तम. एवढ्या सपाट पसरलेल्या तळ्यात तो आधी शोधायचा असतो, आणि शोधायचं काम क्रँकबेट करतो.

चांदणवेल
मी पलीकडच्या काठावर, विंडसरला. बेल रिव्हर ते मिचेल्स बे या पट्ट्यात आमची बोट असते. वरच्या दोघांनी वाऱ्याचं नाव काढलं नाही म्हणून लिहिते.

नितळ उथळ पाण्यात वारा नसेल तर मी क्रँकबेट काढतच नाही. पाणी आरशासारखं असलं की बोटीची सावली, काठीची हालचाल, लूर पडल्याचा आवाज, सगळं माशाला कळतं. दहा मैलांचा वारा सुटला, पाण्यावर लाटा आल्या की उजेड मोडतो, मासा धीट होतो. तेव्हा वाऱ्याच्या तोंडावरचा काठ धरायचा, आडोशाचा नव्हे. आडोशाला बसायला बरं वाटतं, पण तिथे मासा लाजतो.

वारा नसेल तेव्हा जर्कबेट, म्हणजे झटक्यांनी हलवायचा लांबट लूर. दोन झटके, थांबणं, पुन्हा झटका. थांबल्यावर जागीच तरंगत राहणारा, म्हणजे सस्पेंडिंग. पाणी थंड असताना जास्त थांबायचं.

एक सावधगिरी: उथळ तळ्यातल्या लाटा आखूड आणि उभ्या असतात. कयाकवाल्यांनी लाइफ जॅकेट अंगात घालून ठेवायचं, पायाशी नव्हे. मेमध्ये हवा कितीही उबदार असली तरी पाणी अंगाला बधिर करतं.

आंबाघाट
चांदणवेलताई, जॅकेट अंगातच असतं. :) वाऱ्याचा मुद्दा फार कामाचा. मी आजवर वारा पडायची वाट बघत होतो.

मग रंगाला काहीच अर्थ नाही का? भिंत भरून उगाच ठेवतात?

झटपट_पोहे
भिंतीवरचे रंग माणसं पकडायला असतात. तिथे पकड शंभर टक्के आहे.

प्रकाशशलाका
माझं पोटापाण्याचं काम गाड्यांच्या कॅमेऱ्यांचं, त्यामुळे रंगाच्या बाबतीत गप्प बसवत नाही.

लार्जमाउथ बासच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या आहेत, एक हिरव्याला आणि एक लालला प्रतिसाद देणारी. माणसाकडे तीन प्रकार असतात. त्यामुळे लाल आणि हिरवा त्याला नीट वेगळा कळतो, पण आपल्याला ढळढळीत वेगळे दिसणारे झगमगता पोपटी आणि पांढरा, किंवा निळा आणि काळा, यांत त्याचा गोंधळ होतो. स्मॉलमाउथ त्याचा सख्खा नातेवाईक. "लाल रंग पाण्यात आधी विरतो" हे खरं, पण ते खोल पाण्यात. सहा फूट नितळ पाण्यात लाल लालच दिसतो.

म्हणजे नितळ पाण्यात रंगाला किंमत आहे, पण ती छटांची नव्हे. पाठ गडद, पोट फिकं, अंग थोडं अर्धपारदर्शक, एवढं असलं की पुरे. पोटाला झगझगीत नारिंगी आणि पाठीला पोपटी असले भडक लूर गढूळ पाण्यासाठी ठेवा.

दोरीचंही सांगतो. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, फ्लुरोकार्बनचा सुमारे १.४२, नायलॉनचा १.५ च्या वर. फ्लुरोकार्बन पाण्याच्या जवळ म्हणून कमी दिसतो. शिवाय तो बुडतो, नायलॉन जवळजवळ तरंगतं. गवत पृष्ठभागाच्या अगदी जवळ आलं असेल तर मी मुद्दाम नायलॉन लावतो, कारण लूर वर राहतो. दिसण्यापेक्षा बुडण्या-तरंगण्याचा फरक मला जास्त जाणवतो.

दर्याकिनारी
दापोलीहून. तुमच्याकडचा बास मी फक्त व्हिडिओत पाहिलाय, पण क्रँकबेट आमच्या खाडीतही चालतात. जिताडा आणि तांबोशीसाठी आम्ही तेच लूर मारतो. पूर्वी जिवंत कोळंबी लावूनच गरवायचे, आता बरीच तरुण पोरं लूरवर आलीत.

आमचं पाणी गढूळ, त्यामुळे आवाज करणारा लूर लागतो. पण पावसाळा सरून पाणी निवळलं की तोच छर्ऱ्यांचा लूर खडकाजवळ टाकला तर तांबोशी बाहेर येत नाही. तेव्हा आवाज न करणारा, अंगाने बारीक लूर चालतो. तुमच्याकडेही तसंच असावं.

तीन काट्यांच्या गऱ्या काढून एकेरी गरी लावता का? आम्ही लावतो. मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही आणि आपलं बोटही वाचतं.

गरवेकर
दर्याकिनारी, वा! मी रेवदंड्याचा, तेव्हा जिताड्याचं नाव काढलंत आणि आजचं जेवण बेचव केलंत.

गोबी दिसायला कशी ते तुम्हाला पटकन कळेल: आपल्या खाडीतल्या निवटीच्या नात्यातली. वटवटीत डोळे, अंगावर तपकिरी-करडे ठिपके, पाठीच्या पहिल्या पराला मागच्या बाजूस एक काळा डाग. जहाजांच्या पाण्यातून आली, १९९० मध्ये सेंट क्लेअर नदीत पहिल्यांदा सापडली आणि आता सगळीकडे. तिला पोटात हवेची पिशवी नसते, म्हणून ती तळावर उड्या मारत चालते. म्हणूनच खडीच्या तळावर तपकिरी क्रँकबेट ठोकत आणला की स्मॉलमाउथ वेडा होतो.

एकेरी गरीबद्दल: फिरत्या लूरला एकेरी गरी लावली की त्याचा डोल बदलतो, वजन जुळवून घ्यावं लागतं. मी ट्रेबलच, म्हणजे तीन काट्यांची गरीच, ठेवतो, पण तिन्ही काट्यांचे अडकणदात पक्कडीने दाबून टाकतो.

झटपट_पोहे
सगळं वाचलं. मुख्य प्रश्न राहिलाच. खाता का?

चांदणवेल
येणार होताच हा प्रश्न. :) आम्ही बास सोडून देतो. पिवळा पर्च मात्र ठेवतो. काटे काढून, आलं-लसूण-कोकमाचं वाटण लावून रव्यात तळला की मुलांना दुसरं काही नको असतं. वॉलायही छान.

पण या तळ्याचा इतिहास माहीत असू द्या. १९७० मध्ये माशांत पारा सापडला म्हणून इथली मासेमारी बंद करावी लागली होती. कारखान्यांतून नदीत सोडलेला पारा होता तो. आता परिस्थिती खूप सुधारली आहे, तरी मोठ्या, म्हाताऱ्या, शिकारी माशांत पारा साठतो तो साठतोच. मिशिगन आणि ऑंटारिओ दोन्हीकडे कुठला मासा, केवढा, महिन्यातून किती वेळा खावा याचे सरकारी तक्ते मिळतात. घरात लहान मुलं किंवा गरोदर बाई असेल तर ते बघितल्याशिवाय खाऊ नका.

आणि आंबाघाट, तळ्याच्या मधून देशाची सीमा जाते. वाऱ्याने वाहत आमच्या बाजूला आलात आणि गळ पाण्यात असेल तर ऑंटारिओचा परवाना लागतो.

तर्रीबाज
एक वेगळा विषय. मेअखेर ते जुलै म्हणताय, म्हणजे सुरुवात अंडी घालायच्या काळातच. पाणी १५-१६ अंश सेल्सिअसला आलं की नर उथळात येऊन खडीत वाटीसारखं घरटं करतो आणि राखत बसतो. नितळ पाण्यात ती घरटी वरून दिसतात. त्यांच्यावर क्रँकबेट मारणं म्हणजे बाळंतिणीच्या खोलीत ढोल वाजवणं आहे. माझ्या मते त्या काळात बास धरूच नये.

बाभूळकाटा
कायदा तसं म्हणत नाही. मिशिगनमध्ये पकडून लगेच सोडायला वर्षभर परवानगी आहे. सेंट क्लेअरमध्ये मासा ठेवायचा हंगाम जूनच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो, किमान १४ इंच, दिवसाला पाच.

तर्रीबाज
कायद्याने चालतं, म्हणून मी मनाने विचारतोय. नर घरट्यावरून उचलला की गोबींची टोळी तेवढ्या दोन-चार मिनिटांत अंड्यांवर तुटून पडते. यावर अभ्यास झालेला आहे. तुम्ही मासा सोडलात, फोटो काढलात, तोपर्यंत त्याचं घर रिकामं.

बाभूळकाटा
हे मान्य. घरट्यावर दिसणाऱ्या माशावर मीही टाकत नाही. पण सगळे मासे एकाच आठवड्यात घरट्यावर नसतात. काही आधी आलेले, काही मोकळे झालेले. ते सात-दहा फुटांवर गवताच्या कडेला असतात. तिथे मारायला काय हरकत?

तर्रीबाज
तिथे हरकत नाही. फोटो मात्र पाण्यातच काढा.

आंबाघाट
हे मला माहीत नव्हतं, धन्यवाद. घरट्यांपासून लांबच राहीन.

आता दोन अडचणी. एक, गवताचा शेंडा चाटत आणा म्हणता, पण माझा लूर दर फेकीला गवत घेऊनच येतो. दोन, मासा लागतो आणि उडी मारून गरी झटकतो. काठी ताठ आहे, वेणीची दोरी आहे.

गरवेकर
दुसरी अडचण सोपी. ताठ काठी आणि वेणीची दोरी, दोन्हींत ताण खायची ताकद नाही. ट्रेबलच्या काट्यांची पकड बारीक असते. मासा डोकं झटकतो तेव्हा काठीने वाकून साथ दिली पाहिजे. मध्यम वाकाची काठी घ्या, फायबरग्लासची किंवा मिश्र. दोरी १० पौंडी फ्लुरोकार्बन. आणि चावा बसल्यावर झटका मारू नका, फिरकी फिरवत राहा, काठी आपोआप भरते.

गवताचं नीट समजून घ्या, सगळी गंमत यात आहे. लूर गवताला लागला की दोरीतून आधी एक "मऊ जड" जाणवतं. डोल थांबतो, काठीच्या टोकाची थरथर मरते. त्या क्षणी ओढत राहिलात तर गवत गुंडाळलं जातं. थांबा. फिरकी बंद, दोरी किंचित सैल. तरंगणारा क्रँकबेट शेपटीकडून मागे सरकत वर येतो आणि बहुतेक वेळा स्वतःच सुटतो. नाहीच सुटला तर मनगटाने एक आखूड, कडक झटका. गवत तुटतं, लूर उसळतो. चावा इथेच बसतो, एकतर वर तरंगताना नाहीतर झटक्यानंतरच्या पहिल्या दोन फिरक्यांत. म्हणून बाल्सा लाकडाचे किंवा भरपूर तरंगणारे प्लास्टिकचे लूर बरे. बिनओठाचे बहुतेक बुडतात, ते थांबले की गवतात जाऊन बसतात.

प्रकाशशलाका
थरथर मरते हे वर्णन अगदी बरोबर. हे हाताला कळायला लागलं की निम्मं काम झालं.

झटपट_पोहे
अवांतर: जूनअखेर जाणार असाल तर न्यू बाल्टिमोरच्या काठावर फिशफ्लाय बघून घ्या. तळातून अळ्या वर येतात, पंख फुटतात आणि रात्रीत दिव्यांखाली ढीग. पायाखाली कुरकुर वाजतात. गावाने त्यांच्या नावाने उत्सवच सुरू केलाय.

चांदणवेल
अवांतर नाही, कामाचं आहे. त्या दिवसांत मासे वर बघून खातात. तळावर ठोकत बसण्यापेक्षा पृष्ठभागाखालून फूटभर जाणारा लूर चालतो.

आता आंबाघाटना यादी देऊया, नाहीतर हंगाम संपेल. माझे पाच:

फूटभरच खाली जाणारा एक, मॅन्सचा वन-मायनस चालेल. जुलैत गवत वर आलं की हाच. चौकोनी ओठाचा १.५ मापाचा, तीन ते सहा फुटांत जाणारा, तपकिरी. रपालाचा डीटी-६ (सहा फुटांपर्यंत जाणारा), पर्चच्या रंगात. शॅड रॅप ५ नंबरचा, चंदेरी; पाणी थंड असताना त्याचा आखूड डोल उत्तम. पाचवा सस्पेंडिंग जर्कबेट, वारा पडलेल्या दिवसासाठी.

गरवेकर
चारांवर सही. डीटी-६ ऐवजी अँकर बेसाठी मी चार फुटांपर्यंतच जाणारा डीटी-४ घेईन. जूनच्या मध्यापर्यंत गवत तिथे बरंच वर येतं. डीटी-६ ताईंच्या बाजूच्या मोकळ्या खडीला ठीक. आणि चौकोनी ओठाचे दोन घ्या, एक वाजणारा, एक मुका. वारा जोरात असेल त्या दिवशी वाजणारा.

चांदणवेल
वाजणाऱ्यावर माझा अजून विश्वास नाही. पण डीटी-४ मान्य.

आंबाघाट
मंडळी, शनिवारी जाऊन आलो. नैऋत्येचा चांगला वारा होता, म्हणून सवयीच्या आडोशाऐवजी लाटा येत होत्या ती बाजू धरली. पाणी सात फूट, गवत साधारण तीन फूट वर आलेलं. तपकिरी चौकोनी ओठाचा, मुका. थरथर मेली, थांबलो, लूर वर येत असतानाच दोरी बाजूला चालायला लागली. झटका मारला नाही, नुसती फिरकी फिरवली. कयाकशेजारी आणल्यावर माशाने तोंडातून अर्धवट पचलेली गोबी ओकली, पराचा काळा डाग अजून शाबूत! अंग कांस्याच्या रंगाचं, डोळा लालबुंद. पाण्यातच गरी काढून सोडला. त्यानंतर आणखीही मिळाले, सगळे त्याच पट्ट्यात आणि सगळे लूर थांबल्यावर.

एक विचारायचं राहिलं. शेवटी मोठा मासा लागला आणि गाठीच्या वर हातभर अंतरावर दोरी तुटली. गाठ शाबूत आहे. असं का?

बाभूळकाटा
अभिनंदन! शिंपले. झेब्रा शिंपल्यांची कड ब्लेडसारखी असते, तळाला घासून दोरीला चरे पडतात. दर थोड्या फेकींनी शेवटची तीन-चार फूट दोरी दोन बोटांत धरून ओढून बघा. खरखर लागली की कापा आणि नव्याने बांधा.

गरवेकर
बरोबर. आणि निघताना कयाक तिथेच रिकामी करून पुसा, दुसऱ्या तळ्यात टाकण्याआधी पूर्ण वाळू द्या. त्या शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत, ओल्या कोपऱ्यातल्या पाण्यातून सहज प्रवास करतात.

दर्याकिनारी
वाचनखूण साठवली. आंबाघाट, त्या चौकोनी ओठाच्या लूरचा फोटो टाका ना, गऱ्या दिसतील असा. इकडे तांबोशीला लावून बघायचाय.